कर्ता नसलेले सूप

कादंबरीवर समीक्षा लिहिणारे आपल्याकडे उदंड आहेत. कवितेवर लिहिणारे तर कवींपेक्षाही जास्त असावेत असा मला संशय आहे. परंतु जो वाङ्मयप्रकार घरोघरी वाचला जातो, ज्याच्यावर विश्वास ठेवून माणसे पिशवी घेऊन बाजारात जातात आणि ज्याचा परिणाम वाचकाच्या थेट पोटावर होतो, त्या पाककृती नामक वाङ्मयप्रकाराकडे एकाही समीक्षकाने मान वळवून पाहिलेले नाही. वास्तविक इथे समीक्षेची गरज सर्वांत जास्त. कादंबरी फसली तर वाचक ती मिटून झोपी जातो. पाककृती फसली तर वाचकाला ती खावी लागते, आणि वर घरच्यांना "छान झालंय हो" असे म्हणावे लागते.

आता तुम्ही विचाराल, बँकेतल्या कारकुनाला हा उद्योग सांगितला कोणी? मी पडलो बी.कॉम. साहित्याशी माझा संबंध एवढाच, की कर्जाच्या अर्जात 'उत्पन्नाचे साधन' या रकान्यात लोक जे ललित लेखन करतात ते मला नोकरीचा भाग म्हणून वाचावे लागते. पण हीच माझी पात्रता आहे, वाचकहो. पाककृती ही मुळात हिशेबाची चीज. इतके घेतले, इतके घातले, इतका वेळ लागला आणि इतके झाले. म्हणजे एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा. तिची तपासणी करायला मराठीच्या प्राध्यापकापेक्षा वाणिज्य शाखेचा माणूसच बरा.

तपासणीसाठी नमुना म्हणून मी फ्रेंच अनियन सूप निवडले. निवडीला कारण आहे. आपल्या मसालेभातात किंवा उंधियूत पात्रे इतकी असतात, की एखाद्याने काम चुकवले तरी गर्दीत खपून जाते. या सुपात पात्रे मोजून पाच : कांदा, लोणी, पाणी किंवा हाडांचा अर्क, पाव आणि चीझ. मीठ-मिरी ही नोकर-चाकरांची कामे. नायक कांदा. तो पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत रंगमंचावर असतो. एवढ्या थोड्या पात्रांच्या नाटकात लेखकाने थाप मारली तर ती लपत नाही.

माझा बेत ऐकून आईने पहिला आक्षेप नावावरच घेतला. तिच्या हिशेबी सूप म्हणजे धान्य पाखडायचे. ती म्हणाली, "कांद्याचं सूप? कांदा कधी पाखडतात का रे?" गंमत म्हणजे आईइतकाच गोंधळ खुद्द युरोपातही झालेला आहे. 'सूप' हा शब्द मुळात वाडग्यातल्या पातळ पदार्थाचा नव्हेच. ज्या पावाच्या तुकड्यावर गरम रस ओतायचा त्या तुकड्याला तो शब्द होता. पुढे पाव बाजूला राहिला आणि नाव रसाने लाटले. भाडेकरूने घराला स्वतःची पाटी लावावी तसे. कांद्याच्या सुपात मात्र मूळ मालक अजून वर ठाण मांडून बसला आहे. शिळ्या पावाची चकती, तिच्यावर चीझ, आणि ते भट्टीत तांबूस झालेले. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे शिळं खपवायची युक्ती! फोडणीची पोळी म्हण की सरळ." इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

शिळे खपवायची युक्ती म्हटल्यावर हा पदार्थ गरिबांचा, हे ओघाने आलेच. कांदा फ्रान्सातही स्वस्त. आपल्याकडे कांद्याने १९९८ साली दिल्लीतले सरकार घालवायला हातभार लावला. तिकडचा कांदा बिचारा पावाखाली दबून गप्प बसतो. पॅरिसच्या मध्यभागी 'ले आल' नावाचा मोठा घाऊक बाजार होता. एमिल झोलाने १८७३ साली त्याच्यावर अख्खी कादंबरी लिहिली आणि नाव ठेवले 'पॅरिसचे पोट'. तिथे रात्रभर माल उतरायचा. हमाल, भाजीवाले, खाटीक थंडीत कुडकुडत काम करायचे आणि पहाटे बाजाराच्या कडेच्या खानावळींतून हे सूप प्यायचे. त्याच वेळी नाटके आणि नाच आटोपून आलेली बडी मंडळीही तिथेच येत. एकाची रात्र संपलेली, दुसऱ्याचा दिवस चाललेला आणि दोघांच्या पुढ्यात तोच वाडगा. समाजवाद म्हणतात तो इतक्या चविष्ट स्वरूपात दुसरीकडे कुठे आला असेल असे वाटत नाही. १९६९ साली हा बाजार शहराबाहेर रँजिस इथे हलवला, जुने लोखंडी मंडप पाडले, आणि आता त्या जागी जमिनीखाली दुकानांचा मोठा मॉल आहे. बाजार गेला, सूप राहिले.

खानावळीतल्या या सुपाची एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे हिशेबात ती लागणार आहे. तिथे कांदे परतायला माणूस पगारी होता. मोठे पातेले सतत चुलीवर असायचे आणि त्याच्यापाशी जो उभा राहायचा त्याच्या उभे राहण्याची किंमत वाडग्याच्या किमतीत धरलेली होती. खाते चोख होते.

आता हे सूप खानावळीतून घरात आले की काय होते ते पाहू. माझ्यापुढे तीन संहिता होत्या.

पहिली म्हणजे एका रविवारच्या पुरवणीतले कात्रण. पुरवणीचे नाव कापताना गेले ते बरेच झाले. त्यात लिहिले होते : 'एक किलो कांदे उभे पातळ चिरून घ्यावेत. लोण्यावर दहा मिनिटे परतून चॉकलेटी रंगावर आणावेत.' एकूण वेळ : ४० मिनिटे. शेजारी वाडग्याचा फोटो, वाडग्याशेजारी गुलाबाचे फूल. फुलाचा कृतीत कुठेही उल्लेख नाही.

दुसरी म्हणजे मोबाइलवरची एक चित्रफीत. तिच्यात पांढरे कांदे पातेल्यात पडतात, कोणी तरी एकदा उलथने फिरवते, टिचकी वाजते आणि कांदे तांबडेलाल! पूर्वी आपल्या सिनेमात नायक लहानपणी धावायला लागायचा आणि धावता धावताच मोठा व्हायचा, तोच प्रकार. मधली वीस वर्षे आईने शिवणकाम करून काढली, हे प्रेक्षकाने समजून घ्यायचे.

तिसरी संहिता १९६१ सालची. ज्युलिया चाइल्ड या अमेरिकन बाईंनी सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या दोन मैत्रिणींबरोबर 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' हे पुस्तक लिहिले. बाई कांद्याच्या सुपाला हात घालण्यापूर्वीच वाचकाला बजावतात, की कांद्याला मंद आचेवर पुष्कळ वेळ द्यावा लागतो, तेव्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत निदान अडीच तास धरून चला. हे वाचले आणि मी मनातल्या मनात बाईंना नमस्कार केला. खर्चाचा अंदाज आधी सांगणारा कंत्राटदार आणि वेळेचा अंदाज आधी सांगणारा पाककृतीकार, दोन्ही दुर्मिळ.

दहा मिनिटे आणि अडीच तास ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. न्याय कोणी द्यायचा? कांद्याने. कांद्यात शंभरातले सुमारे एकोणनव्वद भाग पाणी असते. म्हणजे किलोभर कांदा आणलात तर नऊशे ग्रॅमच्या आसपास तुम्ही पाण्याचेच पैसे मोजलेले असतात. आता पातेल्यात जोवर पाणी आहे, तोवर कांद्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे पुढे सरकत नाही. असेल नसेल ती सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. आणि कांदा तांबूस करणारी जी रासायनिक क्रिया आहे (फ्रान्समधल्याच लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली तिचा छडा लावला), ती जोरात चालायला एकशे चाळीस अंशांच्या आसपास जावे लागते. थोडक्यात, आधी सगळे पाणी निघून गेले पाहिजे, मग रंग. हा क्रम आहे. वशिल्याने तो बदलत नाही.

इथे आमच्या शाखेतले एक खवय्ये सहकारी हरकत घेतात. "काय राव, बिर्याणीचा कांदा पंधरा मिनिटांत लाल होतो की!" होतो ना. पण तो तेलात पोहतो. भरपूर उकळत्या तेलात पाणी झटक्यात उडते आणि कांदा कुरकुरीत होतो. सुपाला कुरकुरीत कांदा नको, मोरांब्यासारखा मऊ हवा. आच मोठी करून घाई केली, तर कडा करपतात, मधले कांदे कच्चे राहतात आणि सूप कडू होते. चिमूटभर खायचा सोडा घातला तर रंग लवकर चढतो हे खरे, पण जास्त पडला की कांद्याचा गाळ होतो आणि चवीला साबणाची आठवण येते.

मी एका रविवारी घड्याळ समोर ठेवून हे सूप केले. चार माणसांसाठी एक किलो कांदे. लाल कांदा तिखट, म्हणून त्यात थोडे अलिबागचे पांढरे मिसळले. ते गोडसर असतात आणि त्यांना २०२२ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, म्हणजे कागदपत्रे पूर्ण. जाड बुडाचे पातेले, लोणी, चमचाभर तेल. पहिली पंधरा मिनिटे झाकण, मग झाकण काढून मंद आचेवर परतणे. कांदा आधी पारदर्शक होतो, मग पिवळसर, मग बदामी, आणि शेवटी आमच्या आजोबांच्या सागवानी कपाटाच्या रंगाचा. तळाला खरवड धरते, तिच्यावर पाण्याचा हबका मारून ती सोडवून घ्यायची. तिच्यातच सगळी चव. कृतीत तिथे पांढरी वाइन सांगितलेली असते. नाशिक जिल्हा इतका सोयीचा, की कांदाही देतो आणि वाइनही. आमच्याकडे आई असल्यामुळे आम्ही अर्धाच जिल्हा वापरला. हाडांच्या अर्काऐवजी भाज्या उकळलेले पाणी घेतले. फ्रान्समध्येही घरोघरी नुसत्या पाण्यावर हे सूप होते. पाव ब्रून, इराण्याकडचा, आदल्या दिवशीचा. लादीपाव इथे कामाचा नाही. तो सुपात पडल्या पडल्या विरघळतो, त्याला कणा नसतो. चीझ मात्र आमच्या पगारश्रेणीत बसेल असेच घेतले. स्विस ग्रुएरचा भाव ऐकून मी दुकानदाराला "मासिक हप्ते पडतील का?" असे विचारले होते.

सूप उत्तम झाले. आता हिशेब देतो :

कांदे सोलणे आणि चिरणे, डोळे पुसण्यासह : २२ मिनिटे
परतणे : ७० मिनिटे
पाणी घालून उकळणे : ३५ मिनिटे
पाव भाजणे, चीझ किसणे, भट्टीत घालणे : १५ मिनिटे
पातेले घासणे : २० मिनिटे
एकूण : १६२ मिनिटे
खाणे : ११ मिनिटे

भांडी सोडली तर १४२ मिनिटे. म्हणजे चाइल्डबाईंचा अंदाज आठ मिनिटांच्या फरकाने बरोबर. आणि पुरवणीतल्या कात्रणाशी पडलेला फरक १२२ मिनिटांचा. दोन तास दोन मिनिटे!

बँकेत दिवसाअखेर एक रुपयाचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत कॅशियर घरी जात नाही. आणि सापडलाच नाही तर तो सस्पेन्स खात्यात टाकतात. म्हणजे असे खाते, की जिथे पैसे पडलेले आहेत पण कोणाचे ते कोणी सांगत नाही. मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केले, "या कात्रणात दोन तासांची अफरातफर आहे. हे दोन तास गेले कुठे, याची चौकशी झाली पाहिजे."

सौ. पावावरचे चीझ सुरीने सोडवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "चौकशी कशाला हवीय? मला विचारा. सतरा वर्षं मी तिथंच उभी आहे."

आईने सुनेची बाजू घेण्याचे प्रसंग आमच्या घरात पंचवार्षिक असतात. तो त्यांतला एक होता. ती म्हणाली, "आणि तिच्या आधी मी होते."

टेबलावर काही क्षण फक्त चमच्यांचा आवाज होता. मग चिरंजीवांनी "अजून आहे का?" असे विचारून सभा मोकळी केली.

त्यानंतर मी ती संहिता पुन्हा वाचली, आणि या वेळी हिशेबाऐवजी व्याकरण तपासले. 'कांदे चिरून घ्यावेत.' शाळेत शिकल्याप्रमाणे हा कर्मणी प्रयोग. 'सतत ढवळत राहावे.' हा भावे. दोन्हींत कर्ता तृतीयेत असायला हवा. कोणी चिरावेत? कोणी ढवळत राहावे? सबंध पाककृतीत कर्ता शोधून सापडत नाही. कांदे आपले आपण चिरले जातात, वाटण आपले आपण वाटले जाते, आणि पातेले तर घासलेच जात नाही. ते पाककृतीच्या बाहेर, अंधारात कुठे तरी पडलेले असते. हा दोष केवळ मराठीचा आहे असेही नाही. फ्रेंच छापील पाककृतींतही क्रियापद बहुधा नुसते 'चिरणे', 'परतणे', 'ओतणे' असेच असते. कर्ता तिकडेही बेपत्ता. दोन संस्कृतींत इतके एकमत मी दुसऱ्या कोणत्याच बाबतीत पाहिलेले नाही. आमच्याकडे सही नसलेले व्हाउचर पास होत नाही. स्वयंपाकघरात शेकडो वर्षे बिनसहीचीच व्हाउचरे पास होत आली आहेत.

आणि मग लक्षात येते, की 'दहा मिनिटे' ही थाप आळशीपणातून आलेली नसते. ज्याचा कर्ताच नाही त्याचा वेळ कोण मोजणार? कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला पाककृतीत तीन शब्द मिळतात : 'वाटण करून घ्यावे.' त्या तीन शब्दांमागे कांदा भाजणे आहे, खोबरे भाजणे आहे, ते निवेपर्यंत थांबणे आहे, वाटणे आहे आणि पाट्याचे किंवा मिक्सरचे भांडे धुणे आहे. १९७० साली कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे दिली, आणि हाताला अंदाज नसलेल्या कित्येक नव्या संसारांची सोय झाली. जिनसांचे माप आपल्याला तेव्हा मिळाले. उभे राहण्याचे माप मिळणे अजून बाकी आहे.

या सुपाविषयी फ्रेंच लोक एक दंतकथा सांगतात. पोलंडचा पदच्युत राजा स्टानिस्लास हा पंधराव्या लुईचा सासरा. मुलीला भेटायला व्हर्सायला जाताना वाटेत शालाँ गावच्या एका खानावळीत त्याने हे सूप चाखले आणि तो इतका खूश झाला, की अंगरख्यानिशी थेट स्वयंपाकघरात शिरला. धूर, कांद्याचा वास, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. पण सूप स्वतःच्या हाताला येईपर्यंत महाराज चुलीपासून हलले नाहीत. मला या कथेचे मोल वाटते ते अशासाठी, की खुद्द राजालाही ही पाककृती लिहून घेऊन भागले नाही. उभे राहावे लागले. आणि उभा राहिला तो राजा होता म्हणून त्याची कथा झाली. त्याच्या आधी त्या चुलीपाशी रोज जो उभा होता, त्याचे नाव दंतकथेतही नाही.

तेव्हा समीक्षकाचा अभिप्राय असा. फ्रेंच अनियन सूप ही थोर कृती आहे. वर खरपूस, खाली मऊ, आणि मध्ये असा गोडवा, की ज्यात साखरेचा कण नाही; आहे ती फक्त वेळेची गोडी. वाचकांनी ती घरी अवश्य करावी. 'करावी' म्हणजे कोणी, हे आधी घरात ठरवून मग करावी. आणि पुरवण्यांच्या संपादकांना एक विनंती. पाककृतीच्या तळाशी आपण 'चार जणांसाठी' असे छापता, ते छापाच. त्याच्या खाली तेवढ्याच अक्षरांत आणखी एक ओळ असू द्या : 'एका जणाचे अडीच तास.'

गुलाबाच्या फुलाची जागा त्या ओळीला सहज पुरेल.